खांबावरची चार अक्षरं

नदीचं आणि गावाचं नाव एकच. कुणी कुणाचं घेतलं, यावरून न्हाव्याच्या दुकानात अजून हमरीतुमरी होते. चार अक्षरांचं ते नाव पुलाच्या मधल्या खांबावर वरून खाली, हातभर उंचीच्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं. पूर आला की गाव पाणी मोजतं ते त्यावरून. शेवटचं अक्षर बुडालं तर कुणी ढुंकून बघत नाही. त्याच्या वरचंही बुडालं की काठच्या गल्ल्यांनी घरं सोडायची.

ही अक्षरं पेंटरबाई रंगवायची. नवरा गेल्यावर त्याचे ब्रश आणि गाठी मारलेली दोरी तिच्याकडे आली. दोरी कठड्याला बांधून खाली सोडायची; जिथं गाठ, तिथं अक्षर. दुकानांच्या पाट्या ती गप्पा मारत करायची. पण फळीवर बसून पाण्यावर लोंबकळायचं म्हटलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं.

त्या संध्याकाळी ती पूर बघायला पुलावर गेली. शेवटचं अक्षर नुकतंच बुडालं होतं. ती कठड्याला टेकली आणि चपापली. कमरेला लागणारा कठडा छातीशी आला होता.

उन्हाळ्यात कठड्यावर नवा लोखंडी पाइप चढवला होता, खांब खरवडून जुनी अक्षरंही काढली होती. नव्यानं रंगवताना तिनं दोरी त्या पाइपलाच बांधली होती. फळीच्या भीतीत तेव्हा ध्यानातच आलं नाही. सगळं नाव हातभर वर सरकलं होतं. म्हणजे खरं तर दोन अक्षरं बुडाली होती.

काठच्या गल्लीत तिची धाकटी बहीण राहायची. मेव्हणे अंथरुणाला खिळलेले. ती पोचली तेव्हा बहीण त्यांना चमच्यानं भरवत होती.

"ऊठ! यांना उचलायला माणसं बोलाव."

"अगं ताई, एकच तर अक्षर गेलंय."

"हिला बादलीभर पाणी दिसलं तरी घाम फुटतो," मेव्हणे हसले.

"चुकलंय माझं. कठडा वाढवलाय आणि मी दोरी तिथूनच सोडली. अक्षरं वर लागलीत."

चमचा वाटीतच राहिला. "आणखी कुणाला माहितेय?"

"कुणालाच नाही."

पेंटरबाई गल्लीत ओरडत सुटली. "घरं सोडा! नाव मी चुकीचं लावलंय!" कुणी म्हणालं, बाईचं डोकं फिरलं. तेवढ्यात मोरीच्या तोंडातून पाणी उलटं घरात आलं, आणि मग गल्ली रिकामी व्हायला लागली.

मेव्हण्यांना खुर्चीत बसवून चढावर नेलं तेव्हा अंधारून आलं होतं. तिनं मागं वळून पाहिलं. खांबावर तीन अक्षरं कोरडी, सुबक दिसत होती. पलीकडच्या काठावरच्या गल्लीत एकेक दिवा लागत होता. तिथूनही हाच खांब दिसायचा.

"ताई, पुलावर जाऊ नकोस," बहीण म्हणाली.

तिनं पदर खोचला. पलीकडच्यांना सांगायला ती पुलाकडे निघाली.