एका चढासाठी

गाडी नीट चालते आहे या एकाच कारणावरून बेचैन होणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान. अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्यात अधिकारी होते. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, पण मला 'साडूभाऊ' म्हणत आणि मीही त्यांना 'साडूभाऊ'च म्हणे. त्यामुळे लग्नकार्यात कोणी नुसतं 'अहो साडूभाऊ' अशी हाक मारली की आम्ही दोघेही वळून बघत असू. ओळखायची खूण एकच, माझे हात धुतलेले असत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला कधीतरी एका रविवारी ताईंनी त्यांना उल्हासनगरला मिक्सर बघायला पाठवलं. संध्याकाळी ते जीप घेऊन परत आले. घेऊन आले म्हणजे काय, एका टेम्पोच्या मागे दोरानं बांधून ती ओढून आणली होती आणि हे तिच्या स्टीअरिंगवर बसून, स्वारीला निघाल्यासारखे, रस्त्यातल्या लोकांना हात करत होते. फौजेतून कधीच निवृत्त झालेली, कॅम्प एकमधल्या एका जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याच्या आवारात पडून राहिलेली ती जीप. हिरवा रंग होता की शेवाळ, हे सांगणं कठीण. कारखान्याच्या कॉलनीतल्या चिंचेखाली ती उभी राहिली तेव्हा ताईंनी फक्त, "आणि मिक्सर?" एवढंच विचारलं. "मनासारखा मिळाला नाही," हे म्हणाले, आणि तिथेच बोनेट उघडून आत वाकले. पुढची पाच-सहा वर्षं ते तिथून फारसे बाहेर आलेच नाहीत, असं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षांत ताईंचं स्वयंपाकघर आणि ती जीप यांच्यातली सीमारेषा हळूहळू पुसली गेली. रॉकेलमध्ये पुर्जे धुवायला आधी जुनी परात गेली, मग बरी परात गेली. मसाल्याच्या डब्यात मोहरीच्या शेजारच्या वाटीत बेअरिंगच्या गोळ्या सापडल्या. इंजिनाच्या पोटात कुठे खडखडतं आहे ते ऐकायला लाटण्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ते डोळे मिटून उभे राहत, आणि पलीकडच्या ब्लॉकमधल्या बायका गॅलरीतून ही तपासणी बघत. माणसांच्या दुखण्याकडेही ते त्याच नजरेनं बघत. माझ्या बायकोची कंबर धरली तेव्हा सगळ्यांनी शेक, लेप, वैद्य असे उपाय सुचवले. हे म्हणाले, "पाटे बसलेत तिचे, जीपच्या स्प्रिंगांचे बसतात तसे. आठ दिवस लोड देऊ नका." गंमत म्हणजे आठ दिवस लोड दिला नाही आणि कंबर बरी झाली.

रविवारी बदलापुरातल्या मांजर्लीहून, म्हणजे आमच्या घरून, मला बोलावून घेणं ठरलेलंच. माझी कामं दोन. ते सांगतील तो पान्हा देणं, आणि चाचणीच्या वेळी चाकामागे दगड लावायला तयार राहणं. पान्हे मला कधी ओळखता आले नाहीत, दगड मात्र मी उत्तम निवडत असे. चाचणी म्हणजे बदलापूरच्या अलीकडे एका बंद पडलेल्या खाणीत जीप न्यायची आणि उतारावर चढवायची. ती चढली की यांचा चेहरा पडे. "चढली, पण कण्हली," ते म्हणत, आणि पुढच्या रविवारी पुन्हा काहीतरी उघडलेलं असे. मागच्या पाट्यांत एकेक जादा पान घातलं. रबराच्या मोठाल्या गोट्या असलेले टायर बसवले, त्यांच्या आवाजानं कॉलनीतली कुत्री जिना चढून वर पळत. इंजिनाला हवा घ्यायची नळी लांबवून थेट काचेच्या वर नेली, म्हणजे नाल्यात पाणी कितीही असो, जीपचं नाक वर राहावं.

त्या नाकाची परीक्षा एकदा आमच्यामुळेच झाली. एका श्रावणात उल्हास नदी फुगली आणि मांजर्लीत आमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी आलं. मी आणि बायको पलंगावर गादीच्या वळकट्यांवर बसलो होतो, तेवढ्यात रस्त्यावरून पाणी कापत हे आले. आम्हा दोघांना, शेजारच्या आजींना आणि आजींच्या देव्हाऱ्याला त्यांनी जीपमध्ये घातलं आणि ऐटीत बाहेर काढलं. स्टेशनजवळ कोरडा रस्ता लागला आणि तिथे जीप बंद पडली. आजींनी देवाचं नाव घेतलं. साडूभाऊ मात्र आनंदानं स्टीअरिंगवर थाप मारून म्हणाले, "पाण्यात नाही ना बंद पडली? मग नळीचा दोष नाही!" आम्ही उरलेलं अंतर देव्हारा हातात धरून चालत गेलो.

हे सगळं कशासाठी, असं मी अधूनमधून विचारत असे. "एक चढ आहे," एवढंच उत्तर मिळे. मी समजत होतो की हा प्रत्येक छांदिष्टाच्या मनात असतो तसला काल्पनिक चढ असावा. मग एका रविवारी ते जीपखाली पाठ टेकून आडवे झालेले असताना मी पुन्हा विचारलं. मला त्यांच्या फक्त चपला दिसत होत्या. मग खालून आवाज आला, "ताई तुमच्या, बारवी धरणाच्या पलीकडे डोंगरावर वाडी आहे ना, तिथं शिकवायच्या."

हे मला माहीत होतं. लग्नानंतर सात वर्षं ताई त्या ठाकरवाडीच्या एका खोलीच्या शाळेत जात होत्या. पायथ्यापर्यंत एसटी आणि पुढे तासभर चढ, रोज. मग संधिवातानं गुडघे धरले, बदली घ्यावी लागली, आणि पुढे तीही नोकरी सोडावी लागली. आता त्यांना कॉलनीचा जिना चढतानाही मध्ये एकदा कठड्याला धरून उभं राहावं लागे. पण त्या कधी वाडीचं नाव काढत नसत. साडूभाऊ जीपखालून सांगत होते, की बदलापूरच्या बाजारात एक ठाकरीण करवंदं विकायला बसली होती. तिनं ताईंना ओळखलं. "बाय, तू वर का येत नाहीस?" असं विचारलं. ताई हसून म्हणाल्या, "माझ्या पायांना विचार." आणि घरी येईपर्यंत पुढे एक शब्द बोलल्या नाहीत. मिक्सरचा रविवार त्याच्या पुढच्या आठवड्यातला.

"मग ताईंना सांगा ना," मी म्हणालो. "लोकांची एवढी बोलणी खातात तुमच्या या जीपपायी, त्यांना कळू तरी द्या."

"नाही. आधी चढून बघू दे. अर्ध्यातून फिरावं लागलं तर तिला दुसऱ्यांदा त्या डोंगरावरून परत आणायचं माझ्याच्यानं होणार नाही." मग चप्पल हलली. "चौदाचा पान्हा द्या. तुमच्या हातात आहे तो सोळाचा आहे."

त्या दिवसापासून मी पान्हे ओळखायला शिकलो.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघंच गुपचूप तो चढ बघायला गेलो. मोठ्या खडकांची, पावसानं खणलेली वाट. साडूभाऊंनी छोट्या दांड्या ओढून चारही चाकांना जोर दिला, जीप पाव वाट चढली, आणि पुढच्या बाजूनं कडाड असा आवाज आला. पुढच्या चाकांना फिरवणारा दांडा सांध्यातच तुटला होता. कसेबसे, मागे मागे, माझ्या दगडांच्या आधारानं आम्ही खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी साडूभाऊंनी कारखान्यात रजा टाकली, चाकं उचलली, आणि खडूनं खुणा करून फेऱ्या मोजत बसले. चाकाच्या एका फेरीला मागचा दांडा पाच वेळा आणि वर थोडा फिरत होता, पुढचा चारच वेळा. म्हणजे कोणीतरी फार पूर्वी दोन वेगळ्या जिपांचे अर्धे भाग जोडून ही एक केली होती. चारही चाकांना एकदम जोर दिला की पुढची आणि मागची एकमेकांशीच भांडत. "आणि मी इतकी वर्षं टायर बदलत बसलो," ते म्हणाले.

मागच्याशी जुळणारा पुढचा दातेरी चाकांचा संच शोधायला ते कॅम्पातल्या त्याच व्यापाऱ्याकडे गेले. मीही बरोबर होतो. दुकानदार सिंधी, वयस्कर, पितळी काडीचा चष्मा लावलेला. "साहब, इतना पुराना माल अब कहाँ मिलेगा? छोड दो, गाडी तो चलती है ना?" साडूभाऊ कधी नव्हे ते चिडले आणि त्या चिडण्यात सगळं सांगून बसले. वाडी, गुडघे, करवंदं, सगळं. दुकानदारानं चष्मा काढला, पुसला. "साईं, पहले बोलना था ना, मॅडम के लिए है." मग तीन रविवार तो स्वतः आमच्याबरोबर गोदामातल्या लोखंडाच्या ढिगात वाकून दाते मोजत होता. तिसऱ्या रविवारी त्यानं एक काळाकुट्ट गोळा वर उचलून धरला आणि "मिल गया!" असं ओरडला, तेव्हा आम्ही तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. तिघांचेही शर्ट वाया गेले.

तो संच बसवण्यात उन्हाळा गेला, पावसाळ्यात वाट बंद, म्हणून पुढच्या दिवाळीनंतरच्या एका सकाळी आम्ही चौघं निघालो. ताईंना 'बारवीला डबा खायला' एवढंच सांगितलं होतं. जीपमध्ये चढायला साडूभाऊंनी पायरी वेल्ड करून घेतली होती, तिच्यावर चक्क पायपुसणं चिकटवलं होतं. धरण मागे पडलं, जीप डांबरी रस्ता सोडून डावीकडे वळली, आणि ताईंचं बोलणं थांबलं. समोरची वाट त्यांनी ओळखली होती.

"अहो, ही नाही हो चढणार इथून."

"बघू," साडूभाऊ म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

जीप चढू लागली. कण्हली नाही. पहिल्या वळणापाशी ताई एकदम पुढे सरकल्या. "डावीकडे घ्या, उजवीकडचा खडक हलतो." पुढे, "इथं थांबू नका, इथं पाणी झिरपतं." सात वर्षं पायांनी पाठ केलेली वाट त्या आता बोटानं दाखवत होत्या, आणि साडूभाऊ आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखे चाक फिरवत होते. शेवटच्या टेकाडावर मागची चाकं जागच्या जागी गरगरली. मी आणि बायको उड्या टाकून दगड लावायला धावलो. ताई म्हणाल्या, "मीही उतरते, तेवढंच वजन कमी."

साडूभाऊंनी ब्रेकवर पाय घट्ट धरून त्यांच्याकडे पाहिलं. "तू उतरलीस तर ही वर जाऊन करणार काय?"

ताईंनी समोरची आधाराची कांब दोन्ही हातांनी धरली. साडूभाऊंनी छोट्या दांड्या ओढल्या, इंजिन घुमलं, चारही चाकांनी एकदम माती पकडली, आणि जीप वर गेली.

वाडी रिकामी होती. चुली पेटलेल्या, एक कोंबडी फिरत होती, पण माणूस एकही नाही. मग माझ्या लक्षात आलं. हिरवी जीप बघून, फॉरेस्टवाले आले असं समजून, सगळे झाडीत पळाले होते! साडूभाऊंचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. इतक्या वर्षांत त्यांनी जीपचं सगळं काही बदललं होतं, एक रंग सोडून.

ताईंनी मात्र इकडेतिकडे पाहिलं, जीपच्या टपाच्या नळीला धरून आपल्या दुखऱ्या पायांवर उभ्या राहिल्या, आणि शाळेतला तो जुना खणखणीत आवाज काढून हजेरी घ्यायला लागल्या. "काळू! भागी! बुधा! सोमी!" एकामागून एक, क्रमानं, एकही नाव न अडखळता. मग करवंदीच्या जाळीमागून एका दाढीवाल्या बाप्याचा घोगरा आवाज आला, "हजर, बाय!" मग दुसरीकडून एका बाईचा, "हजर!" कडेवर पोर घेतलेली ती पुढे आली, तिच्या मागून आणखी एक. बघता बघता जीपभोवती सगळा वर्ग उभा राहिला. "म्हातारी झालीस गं बाय," भागी म्हणाली. "तू तरी कुठं पाढे म्हणायच्या वयाची राहिलीस," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी भागीचे हात हातात घेतले. साडूभाऊ कुठे दिसेनात म्हणून मी शोधलं, तर ते जीपखाली शिरले होते. काही गळत नव्हतं. तरी ते बराच वेळ तिथेच राहिले.

त्यानंतर पावसाळा सोडून दर गुरुवारी त्यांची फेरी ठरून गेली. ताई ओट्यावर बसून लहान पोरांना अक्षरं शिकवत आणि हे वाडीतल्या कंदिलांपासून पंपापर्यंत सगळं उघडून ठेवत. असं सहा-सात वर्षं चाललं. मग वाडीपर्यंत डांबरी रस्ता झाला. ताईंच्याच एका विद्यार्थ्यानं रिक्षा घेतली. रिक्षात पाय फारसा उचलावा लागत नाही, जीपची पायरी आता ताईंना झेपेना, म्हणून तोच दर गुरुवारी बदलापूरहून त्यांना वर नेऊन संध्याकाळी परत आणू लागला.

साडूभाऊ निवृत्त झाले होते. गुरुवारी ते ताईंना रिक्षात बसवून देत, शालीचं टोक चाकात जाणार नाही असं आत सरकवत, आणि दिवस काढायला आमच्याकडे येत. मिशीला चहा लागला तरी लक्ष नसे. चार वाजल्यापासून खिडकीशी उभे राहत.

"रस्ता छान झालाय," एकदा ते म्हणाले. "वीस मिनिटांत वर. धक्काही बसत नाही तिला." मग माझ्याकडे न बघता, "चांगलंच झालं ना, साडूभाऊ?"

"चांगलंच झालं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, चपला घातल्या आणि रिक्षा यायला अजून तासभर अवकाश असताना नाक्यावर जाऊन उभे राहिले.