यमुनाबाईंचा पहारा

त्या माघात माझं विठोबाशी बोलणं बंद होतं. सकाळी दिवा लावायची, हात जोडायची, पण मनातलं काही सांगायची नाही. रुसलेली सून सासूला मुकाट्याने ताट वाढते ना, तशी माझी पूजा चालली होती. देवाला माझा राग कळत होता की नाही कोण जाणे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या लच्चम्माला मात्र कळत होता, कारण तिला भांडी आपटलेली ऐकू यायची.

आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथकडच्या एका गावाबाहेर देवस्थानाची जुनी धर्मशाळा होती. तिथे म्हाताऱ्यांसाठी आश्रम चालवत, आणि मी तिथली नर्स. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सुरुवातीला आम्ही तिघी होतो. एक निर्मलला सरकारी दवाखान्यात लागली, दुसरी लग्न होऊन हैदराबादला गेली. दोघींचं चांगलं झालं, मी स्वतः दोघींना निरोपाचा चहा करून पाजला. पण त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. गावात मोजक्या बसेस, पावसाळ्यात त्याही बंद. शिकलेली मुलगी इथे येईल कशाला? मी मॅनेजरसाहेबांच्या मागे लागे आणि ते दर वेळी कपाळावरचा घाम पुसत म्हणत, "दरखास्त पाठवून राह्यलो ना बाई. वरून मंजुरी येऊन नाई राह्यली तं मी का करू?" माणूस वाईट नव्हता. त्यांच्याही हातात काही नव्हतं. मग राहिलो मी आणि लच्चम्मा आया, आणि आमच्यासमोर दोन्ही भिंतींना लागून मांडलेल्या खाटा.

माणूसबळ कमी पडलं की काय होतं, ते बाहेरून पाहणाऱ्याला पटकन दिसत नाही. त्याला वाटतं, आरडाओरडा होत असेल, तक्रारी होत असतील. उलट होतं. आश्रम शांत होत जातो. म्हातारी माणसं फार समजूतदार असतात, आणि आपण धावतोय हे त्यांना दिसत असतं. सुरुवातीला ती हाक मारतात. मग वाट पाहतात. मग मागायचंच सोडतात. डोळ्यांनी अधू झालेले एक आजोबा भरवायला कोणी येईपर्यंत गार झालेल्या वरणभातापुढे हात मांडीवर ठेवून बसून राहत, आणि मी गेले की वर मलाच म्हणत, "तुमी जेवल्या का?" असं कोणी विचारलं की मला रडू येण्याऐवजी संताप येई. तो कोणावर काढायचा हेही कळत नसे.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त घोर होता तो यमुनाबाईंचा. मूळच्या भीमपूरच्या, हाडापेराने मोठ्या. आयुष्यभर कापूस वेचून वाकलेल्या, तरी उभ्या राहिल्या की दार भरून जायचं. पुढे अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली. कोणी वेळेवर कूस बदलून दिली नाही तर अशा माणसाची पाठ टिकत नाही. दर दोन तासांनी वळवायला हवं, आणि ते एकटीचं काम नव्हे. लच्चम्मा तापाने पडून राही त्या दिवशी दुपार दुपार त्या एकाच कुशीवर असत. माकडहाडापाशी आधी लाली आली, मग कातडी गेली, मग जखम खोल जाऊ लागली. आदिलाबादहून आठवड्यात एकदा येणारे डॉक्टर जखम बघून म्हणाले, "औषध देतो, पण हिचं खरं औषध वळवणं हेच आहे. हाडापर्यंत गेलं तर मग आपल्या हातात नाही." मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असूनही करता येत नाही, याच्याइतकी नर्सची दुसरी शिक्षा नसेल.

आणि यमुनाबाईंनी पाणी पिणं सोडलं होतं. तांब्या तोंडाशी नेला की ओठ मिटून घेत. मला वाटलं, गिळता येत नसेल. पुढे लक्षात आलं, पाणी प्यायलं की मग लघवीचं भांडं द्यावं लागतं, उचलावं लागतं, मला त्रास होतो, म्हणून. मी रागावले, विनवण्या केल्या. त्या वाकड्या झालेल्या तोंडाने नुसतं हसत. तहानेने जीभ कोरडी पडलेली बाई माझी कीव करत होती, आणि मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावत होते.

त्यातच सप्ता बसला. गावातल्या मंदिरापुढे मांडव, अखंड नाम, टाळ, मृदंग. ज्यांनी सप्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. एक जण ती गळ्यात घालून उभा राहतो, तार छेडत नाम घेतो, आणि त्याचा पहारा संपला की दुसरा येतो. येणारा आधी वीणेला आणि धरणाऱ्याला नमस्कार करतो, वीणा स्वतः पेलतो, मगच पहिला हात काढतो. मधे क्षणभरही ती कोणाच्या हातात नाही, असं चालत नाही. मला हे लहानपणापासून माहीत होतं, आवडतही होतं. त्या वर्षी मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. लाकडाच्या वीणेसाठी अख्ख्या गावाने पहारे वाटून घेतलेले, आणि इथे जित्या माणसाला कूस बदलायला कोणी नाही! त्यात भर म्हणजे मांडवात विजेची सोय धड नव्हती म्हणून भोंगा आमच्या धर्मशाळेच्या छपरावर बसवलेला. अख्खं नाम माझ्याच डोक्यावर.

सप्त्याच्या मधल्या एका दुपारची गोष्ट. लच्चम्मा तापाने घरी. मी यमुनाबाईंना कशीबशी कुशीवर वळवलं, जखम धुवायला घेतली, आणि त्या माझ्याकडे कलू लागल्या. मी गुडघा खाटेला टेकवून दोन्ही हातांनी त्यांना धरलं. आता पंचाईत अशी, की सोडलं तर त्या उघड्या जखमेवर पडणार, आणि धरून ठेवलं तर मलम-पट्टीपर्यंत माझा हात पोचत नव्हता. मी हाका मारल्या. भोंग्यापुढे माझा आवाज काय टिकणार! यमुनाबाई कण्हत होत्या. मग इतक्या दिवसांचा अबोला मोडून मी वर बघून मोठ्याने म्हणाले, "तुझी वीणा धरायला एवढी माणसं, आणि हिला धरायला एक नाही? एक तरी पाठव रे!" प्रार्थना म्हणावी असा माझा सूर मुळीच नव्हता.

तेवढ्यात दारात एक माणूस उभा. उतारवयाचा शेतकरी, धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का, पाय धुळीने भरलेले. हात जोडून म्हणाला, "माऊली, माहा पहारा आला. द्या."

आवाज आमच्या छपरावरून येत होता, आणि पूर्वी सप्ता याच धर्मशाळेत बसायचा. परगावचा माणूस आवाजाच्या रोखाने सरळ आमच्याकडे आला होता. मी वैतागून म्हटलं, "वीणा तिकडे मंदिरापाशी आहे, बाबा. इथे माणूस आहे."

त्याने एकदा खाटेकडे पाहिलं. "मंग मानूस द्या," म्हणाला.

रांजणापाशी जाऊन त्याने हात धुतले. मग खाटेपाशी येऊन वाकला आणि माझ्या पायांना हात लावला, वीणेकऱ्याला करतात तसा. मी अवघडून गेले. हात अडकलेले, त्यामुळे मागे सरकायचीही सोय नव्हती. "कुठं धरू?" त्याने विचारलं. मी खांदा आणि कंबर दाखवली. त्याने माझ्या हातांशेजारी हात ठेवले आणि म्हणाला, "आदी मी धरतो. मंग तुमी सोडा." यमुनाबाई दचकून पुटपुटल्या, "कोन?" त्यावर तो म्हणाला, "लेक समज, माय." मी हात सोडले. कितीतरी दिवसांनी मी ती जखम घाई न करता धुतली, नीट पुसली, पट्टी बांधली. तो मान दुसरीकडे वळवून हलक्या आवाजात नाम घेत राहिला. छपरावर नाम आणि खाटेपाशीही तेच. पहिल्यांदाच ते माझ्या कानाला टोचलं नाही.

पट्टी झाल्यावर यमुनाबाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पानी दे व."

मी तांब्या आणायला गेले तेव्हा मला समोरचं दिसत नव्हतं, इतके डोळे भरले होते. त्या प्यायल्या, थांबल्या, पुन्हा प्यायल्या. घरात कोणीतरी आहे, आता मागितलं तर चालेल, असं त्या जिवाला वाटलं होतं. त्या घोटांचा आवाज मला अजून आठवतो.

त्या माणसाला मी म्हटलं, "आता जा बाबा, तुमचा वीणेचा पहारा चुकेल." तो हलला नाही. "दुसरा आल्याबिगर कसा सोडू?" म्हणाला. त्याला हे अगदी उघड वाटत होतं. शेवटी मीच तशी, हाताला मलमाचा वास, मांडवात गेले. किसनराव पाटील सप्त्याची व्यवस्था पाहायचे. त्यांना म्हटलं, "तुमचा एक माणूस आमच्याकडे पहाऱ्याला उभा आहे. त्याला सोडवायला कोणी पाठवा." ते गोंधळले. "आमचा तं एकबी पहारा रिकामा नाई, बाई. समदे जागेवर हायेत. कोन हाये तो?"

ते मला सांगता येईना. तिथे बसलेल्या त्यांच्या बहिणीने, विठाबाईने, माझ्याकडे पाहून विचारलं, "काऊन रडून राह्यल्या, बाई?" मी रागाने आणि रडत, जसं आलं तसं सगळं सांगितलं: खाटा, पाठ, पाणी. विठाबाई पदर खोचून उठली. आश्रमात येऊन तिने त्या माणसाच्या पायांना हात लावला, यमुनाबाईंना धरलं, आणि मगच त्याने हात काढले. दारातून वळून त्याने खाटेकडे पाहून नमस्कार केला आणि तो निघून गेला. महाप्रसादाच्या पंगतीत मी त्याला शोधलं. मांडवात कोणी ओळखत नव्हतं. पेनगंगेपलीकडचा असेल, असं काही जण म्हणाले. असेलही. मी त्यावर वाद घालत नाही. मला एक माणूस हवा होता आणि एक माणूस आला, एवढंच मला माहीत आहे.

विठाबाईने सांगितलं म्हणून तिच्या मागोमाग दुसरी आली, मग तिसरी. बायकांसाठी बायका, पुरुषांसाठी पुरुष. हात कसे धुवायचे, खांद्याला आणि कमरेला कसं धरायचं, कातडीला ताण कसा पडू द्यायचा नाही, हे मी शिकवलं. कोणी चुकलं तर माझ्या तोंडचा प्रसादही मिळे. जखमेला मात्र मी कोणाचा हात लागू देत नसे. ते काम माझं. काल्याच्या दिवशी वीणा उतरली. आता संपलं, असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी विठाबाई दारात हजर. मी म्हटलं, "सप्ता उठला ना?"

"वीना खुंटीले लागली," ती म्हणाली. "म्हातारी कुठं खुंटीले लागली?"

नवी नर्स यायला त्यानंतरही बराच काळ गेला. गावकरी नर्सच्या जागी पुरतात असं मी कधीच म्हणणार नाही. मॅनेजरसाहेबांना मी तसं म्हणूही दिलं नाही, त्यांच्या मागचा लकडा सोडला नाही. पण आश्रम पुन्हा गलबलाटाचा झाला. म्हातारी माणसं हाका मारू लागली, चहा गार आहे म्हणून कुरकुरू लागली, आणि ती कुरकुर मला गोड वाटे. यमुनाबाईंची जखम होळीपर्यंत भरत आली. डॉक्टरांनी बोटाने हळूच दाबून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली.

इतकी वर्षं मला वाटायचं, देवावर भार टाकणं म्हणजे हात झटकून मोकळं होणं, आणि तो माझा स्वभावच नव्हता. मी घट्ट धरून ठेवणारी. त्या दुपारी मला कळलं, की धरून ठेवणाऱ्यालाच सोपवता येतं. ज्याने धरलेलंच नाही तो देणार काय? त्या कळण्याबद्दल मी त्या धुळीच्या पायांची जन्मभराची ऋणी आहे.

यमुनाबाई पुढे दोन उन्हाळे जगल्या. एका दुपारी, विठाबाईच्या पहाऱ्यात, त्या शांतपणे गेल्या. मी पोचले तेव्हा श्वास थांबला होता, पण विठाबाईने त्यांचा हात सोडला नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मला विचारत होती, "बाई, आता पहारा कोनाले देऊ?" मी वाकून तिच्या पायांना हात लावला आणि यमुनाबाईंचा हात माझ्या हातात घेतला. आम्ही दोघींनी त्यांना आंघोळ घातली. पाठीवर जुन्या जखमेचा पांढुरका वण होता, बाकी पाठ लहान लेकराच्या पाठीसारखी स्वच्छ. लुगडं नेसवलं, केस विंचरले. शेवटी तो हात तेवढा माझ्या हातात राहिला. तिरडी दारात तयार होती, माणसं थांबली होती, आणि मला तो सोडवेना.

मग मी डोळे मिटून म्हटलं, "विठोबा, आधी तू धर."

थोडा वेळ थांबले, आणि सोडला.