मूठभर पिवळी ज्वारी

डोणगावात आमच्या घरासमोरचा चक्कीवाला चक्की बंद असली तरी ओरडूनच बोलतो.

माझी बायको गेली अन् अंगणात चिमण्या येईनात. मी पांढऱ्या ज्वारीचा मोठा ढीग टाकला, तरी एक फिरकली नाही.

तो रस्त्यावरूनच ओरडला, "ढीग काऊन लावून राह्यला बे? पाखराले कमी-जास्त कळते, पण रंग दिसला का ते भुलते. वयनी मूठभरच टाके, पण हळद चोळून!"

मग सरळ घरात शिरला. तिचा हळदीचा डबा काढून त्यानं मूठभर ज्वारी चोळली अन् माझ्या ढिगाशेजारी ठेवली. थोड्या वेळानं चिमण्या त्या पिवळ्या मुठीवरच उतरल्या.

मले रडू फुटलं.

"हळू," तो पहिल्यांदाच कुजबुजला, "उडून जातीन."

त्याचे पिठाचे हात पिवळे झाले होते. तिचे असेच असायचे, रोज.