दोन झेड लावलेली फाईल

दिनकरराव गेले. मला रडू आलं नाही.

सकाळपासून ग्रुपवर हात जोडलेले फोटो येताहेत. "देवमाणूस." "दिलदार." वाचले, चहा प्यायलो.
चहा चांगला झाला होता.

ऐंशीच्या दशकात हिंगण्याच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर, मी माल उचलणारा. सगळ्या कपाटांच्या चाव्या एकाच जुडग्यात आणि जुडगा त्याच्या कमरेला. तो रजेवर गेला की अख्खी शिफ्ट बसून.

"माह्याशिवाय इथं नट बी भेटत नाही कोणाले," म्हणायचा. खुशीत.

पुढे दोघंही कॉम्प्युटर शिकलो, एकाच सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. जुडगा सुटला. सवय नाही.

कॉलेज अ‍ॅडमिशनचं वेब अ‍ॅप होतं आमचं. कोणता पत्ता टाकला की कोणतं पान उघडायचं, त्या ओळींना राउट म्हणतात. सगळे राउट त्यानं एकाच फाईलमध्ये कोंबलेले. मुद्दाम. दुसऱ्यानं हात लावला की काहीतरी मोडणारच.

भिवापूरची सुषमा नवीन लागली होती. तिच्या घरातली पहिली नोकरी.
तिनं मालकांना विचारून राउट वेगळे लावले. अ‍ॅडमिशनची एक फाईल, फीची एक, रिझल्टची एक. देखणं काम.

क्लायंटसमोर डेमो.
पहिलं क्लिक: "पान सापडलं नाही."
दुसरं. तेच.
तिसरं. तेच.

"काहून वं, फाईल तोडली का साइट तोडली?" दिनकरराव, सगळ्यांसमोर. क्लायंटही हसला.
"सर, काल तर सगळं चालत होतं..."
"मले विचारलं होतं का?"

नंतर खाली पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत तो ड्रायव्हरला सांगत होता. माझे कान तिखट.

"फाईली एबीसीडीनं लागतात गा. 'पान सापडलं नाही'वाली ओळ कोणताबी पत्ता धरते, म्हून सगळ्यात शेवटी पाहिजे. म्या ते 'ए'च्या फाईलीत टाकून देल्ली. आता पहिले तेच लागते, अन् सगळं गिळते."

वर गेलो. मालकांना शब्द न् शब्द सांगितला.

"खरं असंन," मालक म्हणाले. "पण त्याले काढलं तर बाकीचं कोण चालवंन? तू?"

संध्याकाळी सुषमाला काढलं. तिनं डबा धुतला, पिशवीत ठेवला आणि मला विचारलं, "घरी काय सांगू भाऊ?"

दुसऱ्या दिवशी मीही सोडलं. प्रताप नगरात दोन खोल्या घेऊन स्वतःची कंपनी काढली आणि पहिला फोन तिला केला. आज कंपनीचं सगळं कोडिंग तीच बघते.

आमच्याही राउटच्या फाईली वेगवेगळ्या. जे पत्ते कुठंच बसत नाहीत, ते ज्या शेवटच्या फाईलीत जाऊन पडतात, तिला सुषमानं दिनकररावांचं नाव दिलंय. नावाआधी दोन झेड. म्हणजे कधीच वर यायचा नाही.

आज दुपारी मी विचारलं, "गेला ना वं तो. फाईलीवरून नाव काढतं का आता?"

ती स्क्रीनकडेच बघत होती.

"राहू द्या भाऊ. तिथं तरी कामी येऊन राहिले."

दिनकरराव, हार पाठवलाय.
घाटावर आम्ही येत नाही.