मास्तरचा पहिला हात

पूजा सांगणाऱ्या महाराजांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. महाराज शेठकडे बघायला लागले. शेठ हातातलं पूजेचं ताट सावरत मला म्हणाला, “मास्तर, तू जरा बहार ऊभो रे. पूजा थई जवा दे.”

पूजा होऊ दे, तोवर बाहेर थांब. मी बाहेर गेलो.

पूजा नव्या मागांची होती. ते माग मी बसवले होते. जुने माग उचलणं, फरशी फोडणं, पाया भरणं, एकेक बोल्ट आवळणं, सगळं मी आणि माझ्या माणसांनी केलं होतं. तेव्हा त्या लोखंडाला आमचा घाम चालला. आडनाव कोणाला आठवलं नाही. कामापुरता मामा.

राग यायला हवा होता. आला नाही. दाराशी उभं राहून मी नखांतलं ग्रीस काढत होतो. आतून कारीगर माझ्याकडे बघत होते आणि मी माझ्या नखांकडे. नारळ फुटल्याचा आवाज आला. तो जणू दुसऱ्याच कोणाच्या घरचा होता.

ही नव्वदीतली गोष्ट. कतारगामला शेठचं खातं होतं. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातंच म्हणतात. मी धुळ्याकडून आलेला, आधी कारीगर, मग मास्तर, म्हणजे माग बसवणारा आणि सांभाळणारा. शेठने नवे माग घ्यायचं ठरवलं आणि सगळी जबाबदारी माझ्यावर टाकली. काम बंद पडू द्यायचं नव्हतं. म्हणून मी अर्धं खातं चालू ठेवलं आणि अर्धं उघडलं. एक ओळ बसली की मगच पुढच्या ओळीला हात. कोणी काय करायचं ते सकाळीच चहाच्या वेळी सांगायचो. गोंधळ नको, ओरडा नको.

पण कारीगरांच्या पोटात भीती होती. नवे माग कमी माणसांत चालतात, हे कोणाला शिकवायला लागत नाही. कामं रेंगाळायला लागली. एक दिवस मोठा पाना गायब झाला. पान्याशिवाय बोल्ट हलेना. सगळ्यांना ठाऊक होतं पाना कोणी लपवला ते. सुपडूनाना. खात्यातला सगळ्यात जुना कारीगर, आमच्याच खान्देशातला. शेठ म्हणाला पोलीस बोलावतो. मी म्हटलं थांबा, आणि लिंबायतला नानाच्या खोलीवर गेलो.

नाना भांडला नाही. माझ्यासमोर भाकरी ठेवली आणि म्हणाला, “तू शबद दे. मंग मी पाना देस.”

मी शेठकडे गेलो. शेठ छातीला हात लावून म्हणाला, “एक भी आदमी नहीं जायेगा. मेरी जबान है.” ती जबान मी नानापर्यंत नेली. नानाने धान्याच्या डब्यातून पाना काढून माझ्या हातात दिला. त्यानंतर कोणी अडवलं नाही. शेठवर कोणाचा विश्वास नव्हता. माझ्यावर होता.

तर मी दाराशी उभा. शेठचा हिशेब बघणारा मेहताजी प्रसाद घेऊन बाहेर आला. माझ्या ओंजळीत त्याने तो वरून टाकला. हाताला हात लागू नये इतक्या वरून. मग हळूच म्हणाला, “देख मास्तर, दिवाली के बाद आधे लोग कम करने हैं. तू समझा देना. तेरा सुनते हैं.”

पेढा हातात तसाच राहिला. आतून शेठची हाक आली, “मास्तर, अंदर आव!”

आमच्यात एक रीत आहे. नवा माग पहिल्यांदा मास्तरच चालवतो. मग कारीगर तो ताब्यात घेतो. मास्तरने हात लावला नाही आणि काही तुटलं, तर बोल कारीगरावर येतो. म्हणून मास्तरच्या आधी कोणी माग चालू करायचा दांडा ओढत नाही. महाराज घड्याळ बघत होते. मुहूर्त टळत होता.

मी विचारलं, “आता चालतो माझा हात?”

“अरे, पूजा पती गई ने! हवे आव!” शेठ म्हणाला. पूजा संपली ना, आता ये. त्याला खरंच वाटत होतं की यात वावगं काही नाही.

मी आत गेलो. पेढा मागावर ठेवला. दांड्याला हात लावला नाही. नानाकडे बघून आमच्या बोलीत म्हणालो, “नाना, शेठनी माले फसाडं. दिवाळी झायी का निम्मा लोके काढणार शेत. मना शबद खोटा पडना. कोन्ही हात लावू नका.”

नाना मागाला पाठ टेकून खाली बसला. मग एकेक करत सगळे बसले. मुहूर्त गेला. शेठ ओरडत होता. मला ऐकू येत होतं, पण लागत नव्हतं.

मी त्याच दिवशी काम सोडून बाहेर पडलो. निम्मे कारीगर पुढे कामावरून गेलेच. नानाही गेला. जिंकलो असं कोणी म्हणू नये.

त्यानंतर पुष्कळ शेठांनी बोलावलं. मास्तर, तुझी माणसं सांभाळ, तुझं ऐकतात. सगळ्यांना मी एकच सांगतो. जे सांगायचंय ते माझ्या माणसांसमोर उभं राहून तुम्ही बोला. तुमच्या जबानीला माझं तोंड मिळणार नाही. आणि ज्या मागाला माझा हात लागतो, त्याची पूजा होईल तेव्हा मी आत असेन. नाहीतर तो माग चालणार नाही.