धुळ्याच्या मैदानावरचा डॉक्टर

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी बाकी सगळं सांगतो, ऑफिसातली फालतू भांडणंसुद्धा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर हेही गिळून टाकलं असतं.

बी.एस्सी. होऊन मी धुळ्यात रिकामा बसलो होतो. एका कॉलेजच्या क्रीडा विभागात तिथल्या खेळाच्या सरांनी मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. चुन्याने ट्रॅक आखायचा, सुजलेल्या घोट्यावर बर्फ धरायचा, मैदानावर पाणी मारायचं. रुबाब मात्र असा, की विभाग जणू मीच चालवतो.

जूनमध्ये चांगले धावणारे आपल्याकडे ओढायची सगळ्याच कॉलेजांची धडपड असते. आईबाप पाहायला येतात. मुलगी कुठे घालायची हे ते कशावरून ठरवतात? आम्हाला पाठ होतं — हॉस्टेलला बाई आहे का, खुराकात दूध-अंडी मिळतात का, पुढे पोलीस भरतीत काही उपयोग होईल का. आमच्याकडे हे सगळं होतं. मुद्दाम सांगतो, खोटं बोलायची गरजच नव्हती.

सविताचे वडील यावलच्याही पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आले होते. जळगावचं कॉलेज त्यांना जवळ पडलं असतं, आणि तिथूनही बोलावणं होतं. सरांचं सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग एवढंच विचारलं, "पोरगीना पाय दुखना तं कोन देखी?"

सर म्हणाले, "आहे ना आबा, आमचा डॉक्टर आहे." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये गेलो, खुंटीवरचा एप्रन अंगात घातला आणि परत आलो. खिशावर ॲसिडचा डाग होता, त्यावर हात धरला. सविताची नडगी दाबून "इथे दुखतं?" असं विचारलं. ती हसली, नाही म्हणाली. आबांनी मला हात जोडले — माझ्या बापाच्या वयाच्या माणसाने. मला काय वाटलं असेल? मजा वाटली. संध्याकाळी चहाच्या टपरीवर मित्रांना त्या हात जोडण्याची नक्कल करून दाखवली. लिहिताना शिसारी येते मला माझी.

जळगाव सोडून त्यांनी पोरगी आमच्याकडे घातली. डॉक्टर आहे म्हणून.

ते नाव मला चिकटलं. जुनी मुलं थट्टेने "डॉक्टर" म्हणायची, सविता मनापासून म्हणायची. तिला एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. पण — कसं सांगू — मला ते आवडायला लागलं होतं.

विद्यापीठाच्या स्पर्धेआधी ती माझ्याकडे आली. नडगी दुखते, जिना चढतानाही कळ येते म्हणाली. मी एका जागी बोट दाबलं तर तिने ओढणी दातात धरली. सिव्हिलला जा, एक्स-रे काढ, एवढं म्हणायला कुठली डॉक्टरकी लागते? पण तसं म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मग तुम्ही कशाला आहात? त्या प्रश्नाला मी भ्यायलो. बस, एवढ्याला. मी टीव्हीतल्या डॉक्टरसारखा चेहरा केला, स्प्रे मारला आणि म्हणालो, "स्नायू आखडलाय. थोडं दुखणारच. पळ."

सरांनी मला असं सांगायला लावलं नव्हतं. त्यांना हे दुखणं माहीतही नव्हतं. हे पाप माझं एकट्याचं.

ती पळाली. शेवटच्या फेरीत, सगळ्यांच्या पुढे असताना, कोसळली. हाड आधीच चिरलेलं होतं, ते तिथे पुरतं मोडलं. तिला सिव्हिलला नेलं आणि मी असोद्याला मावशीकडे पळून गेलो. आबा दवाखान्यात माझी चौकशी करत होते म्हणे — डॉक्टर कोठे शे? मी परत आलो तेव्हा ती कॉलेज सोडून गेली होती. पुन्हा कधी धावली नाही.

गेल्या वर्षी कामानिमित्त यावलला गेलो होतो. बसस्टँडवर तिनेच मला ओळखलं. चालताना एक पाय किंचित ओढते. बरोबर सासू होती. सविता तिला कौतुकाने म्हणाली, हे आमच्या कॉलेजचे डॉक्टर. यांनी मला सांगितलं होतं थोडं दुखेल म्हणून, मलाच सोसलं नाही. मग माझ्याकडे वळून हसत विचारलं, "मीच कच्ची निघाले ना, डॉक्टर?"

इतकी वर्षं ती हे मनात धरून बसली होती. चिरलेल्या हाडावर सगळ्यांच्या पुढे धावलेली पोरगी. मला ते ठाऊक होतं, शब्द तोंडापर्यंत आले होते, बसलाही अजून वेळ होता.

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."