अर्धा कोयता

ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढते, मोळी बांधते आणि डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत नेते. दोघांतलं एक जरी पडलं तरी कोयता अर्धा, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम खाडा लावतो, म्हणजे पैसे कापतो. मग ताप असो नाहीतर बाळंतपण. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझं माहेर निरवांगीचं, लहानपण उसाच्या बांधावरच गेलं. पण ठाऊक असणं वेगळं आणि डोळ्यांसमोर येऊन बसणं वेगळं.

पिंपळीत माझी पिठाची गिरणी आहे. आमच्या आळीत ख्रिस्ती घर माझं एकटीचं. गिरणीच्या भिंतीवर येशूचं चित्र आहे, पिठानं पांढरंफटक झालेलं. त्याच्यावरून कुणी कधी काही बोललं नाही, कारण माझ्याकडे पीठ बारीक निघतं.

गेल्या हंगामात तोडकऱ्यांच्या कोप्यांवरची, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतली, एक पोरगी ज्वारी घेऊन आली. बाळंत होऊन सहा दिवस झाले होते. दळण होईपर्यंत पोत्यावर टेकली आणि उठली तेव्हा पोत्याला रक्त लागलेलं.

"टाके हायत मावशी," ती म्हणाली. "दवाखान्यात म्हणले म्हैनाभर वझं उचलू नगं. मुकादम म्हणतोय उद्यापास्नं फडात यायचं."

माझं डोकं फिरलं. मी रागीट बाई आहे. रोज प्रार्थना करते, तरी राग निम्माच उतरतो. तशीच चप्पल पायात सरकवून मुकादमाकडे गेले आणि म्हटलं, तिच्या जागी मी येते.

तो हसायलाच लागला. "तुमी? गिरणीवाल्या? मोळी उचलंल का?"

"नाही उचलली तर मला बोला, तिला नाही. तुम्हाला कोयता पुरा पाहिजे ना? मग कुणाचा का असेना."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, गिरणीवर खडूनं लिहिलं : दळण दुपारी चारनंतर. आणि फडात उतरले.

पहिलीच मोळी डोक्यावर सुटली. उसाची कांडी खांद्यावरून घरंगळत पायावर पडली. उसाच्या वाढ्यांना, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्याला, पीळ देऊन बांधायचं तंत्र हात पार विसरले होते. त्या पोरीचा नवरा आला, मोळी पुन्हा बांधली आणि माझ्या डोक्यावर दिली. तीन दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. लाजेनं असेल. मलाही बोलायला दम उरला नव्हता. संध्याकाळी हाताला मीठ लागलं तरी जीव जायचा, इतकं पाल्यानं कापलं होतं.

गावाला माझी दया आली असेल असं समजू नका. गावाचं पीठ अडलं होतं. माझी शेजारीण, जिच्याशी माझं वीस वर्षांचं वाटी-वाटी साखरेचं नातं, तीच डबा घेऊन दारात उभी राहिली.

"तुज्या येशूपायी आमच्या भाकरी थांबल्या," ती म्हणाली. "आन् लोक काय बोलत्यात कळतंय का? म्हणं कोप्यांवर जाऊन बाटवायला लागलीस."

"बाटवायचं असतं तर सावलीत बसून बाटवलं असतं," मी म्हटलं. "ज्याला घाई असेल त्यानं दळण दुसरीकडे न्यावं. रस्ता मोकळा आहे."

दोन घरांनी नेलंही. नेऊ दे, म्हटलं.

शुक्रवारी बारामतीहून आमच्या चर्चचे, म्हणजे मंडळीचे, पाळकसाहेब आले. कुणीतरी कळवलं असणार. पांढरा शर्ट सांभाळत बांधावर उभे राहिले आणि भरून आल्यासारखं म्हणाले, "बाई, प्रभूची केवढी मोठी साक्ष आहे ही! तिला आणि तिच्या माणसाला एकदा मंडळीत आणा. एक फोटो काढू. आणि ही पत्रकं कोप्यांवर द्या."

मी मोळी खाली टाकली. आमच्या मंडळीत येशूनं शिष्यांचे पाय धुतल्याचा धडा दरवर्षी वाचतात. ऐकणाऱ्यांचे पाय मात्र घरूनच धुऊन आलेले असतात.

"पाळकसाहेब, ती अंग टाकून पडलीय, तेवढीच माझी साक्ष. मला प्रभूचं नाव घ्यायची लाज नाही, गिरणीत टांगलंय ते. पण तिचा आराम मी गळाला लावणार नाही."

त्यांचा चेहरा उतरला. जाताना म्हणाले, "रविवारी तरी चुकवू नका. प्रभुभोजन आहे."

"फडाला रविवार नसतो. मी आले तर तिला उठावं लागेल."

हे मी ताठ मानेनं बोलले खरं, पण घरी येऊन रडले. लग्न झाल्यापासून मी प्रभुभोजन चुकवलेलं नव्हतं.

शनिवारी शेजारीण पुन्हा गिरणीवर आली. डबा नव्हता. उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "कोप्यावर जाऊन आले. पोरगी निजलीय. लेकराला पाजता पाजताच झोपली बया." मग पदर खोचत म्हणाली, "उद्या तू तुज्या देवळात जा. तुजी पाथ मी धरते."

"तुलाही बाटली म्हणतील."

"म्हणू देत की! उसात उतरायला बाप्तिस्मा लागतो व्हय?"

रविवारी मी मंडळीत गेले. भाकर घेतली, द्राक्षरस घेतला, ओरखडलेली बोटं पदरात लपवली नाहीत. नंतर पाळकसाहेबांनी, माझ्याकडे पाहत, कुणाला साक्ष द्यायची आहे का असं विचारलं. मी उठले.

"साक्ष राहू द्या," मी म्हटलं. "या घडीला माझ्या जागी माझी शेजारीण मोळ्या वाहतेय. तिनं या दारात कधी पाऊल टाकलेलं नाही. बाळंतिणीला अजून वीस दिवस तरी पडून राहायचंय, आणि माझी कंबर तेवढी टिकणार नाही. उद्या कोण येतंय?"

पाळकसाहेब गीताचं पुस्तक चाळायला लागले. मंडळीच्या एका पंचांना एकदम खोकला आला. मी बसले नाही. म्हटलं, आज बसायचंच नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं, पहिल्या बाकावरून, पाळकीणबाई उठल्या. मंडळीत त्यांचा आवाज गाण्याखेरीज मी कधी ऐकला नव्हता. नवऱ्याकडे न बघता त्यांनी मला विचारलं,

"कोयता घरून आणायचा, का तिथं मिळतो?"